चंद्रोदयाचा हिशेब : तिथीमागे दोन घटका

वारकरी बंधुभगिनींनो, आपले अवघे वर्ष तिथीवर चालते. एकादशीला उपवास, द्वादशीला पारणे, आषाढी-कार्तिकीला पंढरी. पण अमुक तिथीला चंद्र किती वाजता उगवेल, असे कोणी विचारले तर आपण पंचांगाकडे, हल्ली मोबाईलकडे बोट दाखवतो. पंचांग हाताशी असावेच; परंतु त्यामागचा हिशेब ठाऊक नसला म्हणजे काय होते ते संकष्टीच्या रात्री पाहावे. विरारला एखादी वयस्कर माउली दिवसभर उपाशी राहून गच्चीत उभी असते. पंचांगातली वेळ टळून जाते, चंद्र काही दिसत नाही. कोणी म्हणते पंचांग चुकले, कोणी म्हणते दर्शनावाचून घास घेऊ नये. तिला मधुमेह असला तर हा खोळंबा अंगावर यायचा. म्हणून या वेळी हा पाठ घेतला आहे.

प्रथम तिथी म्हणजे काय ते पाहू. आपण रिंगण पाहिलेले आहे. आकाशातही सूर्य आणि चंद्र यांचे असेच एक रिंगण चाललेले दिसते. सूर्याला एक फेरा पुरा करायला वर्ष लागते, चंद्राला सुमारे २७ दिवस. म्हणजे सूर्य रोज एक अंश पूर्वेकडे सरकतो, तर चंद्र सुमारे १३ अंश. दोघांतले अंतर रोज जवळजवळ १२ अंशांनी वाढते. हे १२ अंश म्हणजेच एक तिथी. १२ अंशांच्या ३० तिथी झाल्या की ३६० अंशांचे वर्तुळ पुरे होते आणि चंद्र पुन्हा सूर्याला गाठतो. ती अमावास्या.

आता उदयाचे बघा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून चंद्र उगवताना दिसतो. पण काल जिथे चंद्र होता तिथवर ती फिरून येते तोवर चंद्र पुढे गेलेला असतो. तेवढे अंतर भरून काढायला पृथ्वीला आणखी सरासरी ५० मिनिटे फिरावे लागते. जुन्या मापात सांगायचे तर दिवसरात्रीच्या ६० घटका आणि महिन्याच्या ३० तिथी, म्हणून तिथीमागे दोन घटका. एक घटका २४ मिनिटांची, तेव्हा दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे. सगळा हिशेब एवढाच.

शुद्ध पक्षात सूर्योदयापासून मोजावे, वद्य पक्षात सूर्यास्तापासून. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर उगवतो. शुद्ध अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास, पौर्णिमेला सूर्य मावळताना, वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. या चार खुणा ध्यानात ठेवल्या की मधल्या तिथी बोटांवर मोजता येतात. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडेल, तो पडू द्यावा.

चंद्राच्या कलाही याच अंतराने ठरतात. पृथ्वीची सावली पडून चंद्र लहान होतो, असे पुष्कळांना वाटते, तसे नाही. ती सावली फक्त चंद्रग्रहणात पडते. एरवी चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. त्यातला किती आपल्याकडे वळलेला आहे, हे सूर्यापासूनच्या अंतरावर अवलंबून. म्हणून कला आणि उदयाची वेळ ही एकाच अंतराची दोन मापे आहेत. चंद्राची कोर पाहिली की वेळ कळते, वेळ ठाऊक असली की कोर कशी असेल ते सांगता येते.

बीजेची कोर संध्याकाळी पश्चिमेला पाहून आपण म्हणतो, 'चंद्र उगवला.' वास्तविक तो सकाळीच सूर्यामागोमाग उगवलेला असतो. उन्हात दिसला नाही एवढेच. संध्याकाळी दिसतो तो मावळता चंद्र.

दोन एकादश्यांतला भेदही यातच आहे. शुद्ध एकादशीला चंद्र दुपारी अडीच-साडेतीनला उगवतो आणि मध्यरात्र उलटून दोन-तीन तास होईपर्यंत राहतो. आषाढी-कार्तिकीचा जागर बराचसा चांदण्यात होतो तो यामुळे. आषाढात ढग असले तर गोष्ट वेगळी. वद्य एकादशीचे उलट. कार्तिक वद्य एकादशीला तिकडे आळंदीची यात्रा, इकडे आपल्या वसई तालुक्यात निर्मळची यात्रा. त्या दिवशी चंद्र पहाटे अडीच-तीनला उगवतो. निर्मळला जायला त्याआधी निघालात तर अंधार, नंतर निघालात तर पूर्वेला कोर सोबतीला.

आता संकष्टी. वद्य चतुर्थीच्या चार तिथी, आठ घटका, म्हणजे सूर्यास्तानंतर ३ तास १२ मिनिटे. परंतु चंद्रोदयाला चतुर्थी चालू असलेला दिवस संकष्टीला घेतात. तिथी पुरी झालेली नसते, म्हणून चंद्र बहुधा थोडा आधीच येतो. शिवाय चंद्राची वाट क्षितिजाशी सदा सारखा कोन करीत नाही. शरदात रोजचा उशीर ४० मिनिटांच्या आसपास असतो, तर वसंतात तो तासाच्या जवळ जातो. त्यातून उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो. म्हणून आश्विन-कार्तिकातली संकष्टी साडेआठच्या सुमारास सुटते, आणि वैशाख-ज्येष्ठात दहा वाजतात. पंचांग चुकत नाही. महिनाच तसा असतो.

गावागावाचा फरकही धरावा. पंढरपूर आपल्या पूर्वेला अडीच रेखांश आहे. रेखांशामागे ४ मिनिटे, म्हणून तिथे चंद्र आपल्यापेक्षा सुमारे १० मिनिटे आधी उगवतो. नागपूरला सुमारे २५ मिनिटे. मुंबईची वेळ मात्र वसई-विरारला चालते.

मग वेळ होऊनही चंद्र दिसत नाही तो का? पंचांगातली वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजाची असते. आपल्या पूर्वेला जीवदानीचा डोंगर, तुंगारेश्वरचा डोंगर आणि आता उंच इमारती. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे १० अंश झाकते. डोंगर मूठभर उंच दिसत असेल तर चंद्र वर यायला आणखी ४०-४५ मिनिटे लागतात. श्रावणात ढग असले तर रात्रभर दिसायचा नाही. पण चंद्र ढगांना विचारून उगवत नाही. वेळ झाली म्हणजे उदय झाला. पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यावे आणि व्रत सोडावे.

या हिशेबाचा ताळा पाहायचा असेल तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जावे. आपले कोळी बांधव तिथीवरूनच भरती सांगतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. अष्टमीला भांग, तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. भरतीही रोज सरासरी पन्नास मिनिटांनीच मागे पडते, कारण पाणी चंद्राच्या ओढीने चढते.

तेव्हा वाचकहो, येत्या पौर्णिमेपासून आठ दिवस घरातल्या मुलांना घेऊन चंद्रोदयाची वेळ भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या संकष्टीला आजीला किती वाजता जेवायला वाढायचे, ते मुलेच सांगतील.