पैसे भरले, वाचक कुठे आहेत?

प्रश्न : मुलाने वर्डप्रेस डॉट कॉमवर वर्षाचे पैसे भरून मला ब्लॉग उघडून दिला. महिनाभरात पाच लेख टाकले, पण एकही वाचक नाही. महागडा प्लॅन घ्यावा का?
– निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : ताई, आणखी एक रुपयाही भरू नका. पैशांत स्वतःचा पत्ता मिळतो, जाहिरातींपासून सुटका होते. वाचक मिळत नाहीत. पण पाच लेखांना एकही नाही, म्हणजे मला वेगळाच संशय येतो. तिथे नवी साइट सुरुवातीला ‘कमिंग सून’ अवस्थेत असते. ‘लाँच’चे बटण दाबेपर्यंत लेख बाहेरच्यांना दिसतच नाहीत. शेजाऱ्यांच्या फोनवर पत्ता टाकून बघा, लगेच कळेल.

लेख युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर गूगलला मराठी म्हणून वाचता येत नाही. मग माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात दुवा टाका. पहिले वाचक बहुधा तिथलेच असतील, आणि शुद्धलेखनाच्या चुकाही काढतील!

सावधगिरी एकच : वार्षिक प्लॅनसोबतचे डोमेन पहिल्या वर्षीच फुकट असते. नूतनीकरणाची तारीख मुलाला विचारून ठेवा. लेखांची प्रत ‘एक्स्पोर्ट’मधून अधूनमधून उतरवून घ्या, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.