वाक्याची बांधणी आणि मेंदूवरील ओझे
(द्वितीय वर्ष, कला)

सगळे शब्द ओळखीचे असूनही एखादे वाक्य समजत नाही, असा अनुभव आपणा सर्वांनाच येतो. असे का व्हावे?

'कुत्र्याने मांजराला पाहिले' आणि 'मांजराला कुत्र्याने पाहिले' यांचा अर्थ एकच. शब्दांची जागा बदलली तरी 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय कर्ता व कर्म दाखवून देतात. आपल्या मालगुंडच्या दामले घराण्यातील मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात मराठीच्या घडणीचा सविस्तर विचार केला आहे.

आता हे वाक्य पाहा : 'सावकाराने शेतकऱ्याने तलाठ्याने दिलेला उतारा दाखवला असे सांगितले.' व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक नाही. पण तीन कर्ते ओळीने उभे आहेत आणि त्यांच्या क्रिया मागाहून येतात. तोवर तिन्ही नावे मनात धरून ठेवावी लागतात. हेच असे लिहा : 'तलाठ्याने उतारा दिला. शेतकऱ्याने तो दाखवला, असे सावकाराने सांगितले.' ओझे लगेच उतरते.

डाव्या मेंदूच्या पुढील भागाला इजा झाली की बोलणे खुंटते, हे फ्रान्समध्ये ब्रोका यांनी १८६१ च्या सुमारास दाखवले. अशा रुग्णांना ऐकलेले मात्र नीट समजते, अशी समजूत होती. १९७६ साली कारामाझा व झुरिफ यांनी ती इंग्रजी वाक्यांवर तपासली. 'मुलगा जो आंबा खातो आहे' अशा धर्तीची रचना रुग्णांना कळे. कारण आंबा काही मुलाला खात नाही! पण 'वाघ ज्याचा पाठलाग करतो आहे तो सिंह' अशा रचनेत ते अडखळत. म्हणजे शब्द कळणे वेगळे आणि रचना उलगडणे वेगळे.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वाडीतील वडीलधारी माणसे जमिनीचे कागद माझ्याकडे वाचायला आणतात. एका नोटिशीत अर्धे पान भरून एकच वाक्य होते. हरकत घेण्याची मुदत त्यात मधोमध दडलेली. "आम्ही अडाणी, आम्हाला काय कळणार!" शेजारच्या काकी म्हणाल्या. मी तेच वाक्य तुकडे करून वाचले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न मुदतीचाच विचारला.

उद्या आपल्यापैकी काही जण कचेरीत, काही शाळेत कामाला लागतील. लिहिताना कर्त्याजवळ त्याची क्रिया ठेवली, तर कितीतरी माणसे स्वतःला अडाणी म्हणायची थांबतील.