अप कुठे, डाऊन कुठे

हे बघ पोरी, डोंबिवलीत राहून विद्याविहारला नोकरी करायची, तर अप आणि डाऊन हे दोन शब्द आधी पक्के कर. शाळेत अप म्हणजे वर, डाऊन म्हणजे खाली असं शिकलीस ना, ते रेल्वेत चालत नाही. मध्य रेल्वेवर सीएसएमटीकडे जाते ती अप, तिकडून येते ती डाऊन. पश्चिमेला चर्चगेटकडे अप. विलायतेत लंडनकडची गाडी अप, तीच रीत साहेबाने इथे लावली. खंडाळ्याचा घाट आठव. पुण्याहून मुंबईला येताना गाडी घाट उतरते, तरी ती अप. पुण्याकडे निघालेली गाडी ३७ फुटांना एक फूट असा चढ चढते, त्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, आणि ती मात्र डाऊन! म्हणून चढ-उतार बघू नकोस, मुख्य स्टेशन कोणतं ते विचार. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरवर तर अप म्हणजे ठाण्याकडे.

गाडीच्या नंबरावरूनही अंदाज येतो. डेक्कन क्वीन पुण्याला जाते ती १२१२३, मुंबईला येते ती १२१२४. विषम डाऊन, सम अप. पण त्यावर विसंबू नये. एर्नाकुलमहून दिल्लीला जाणारी मंगला रत्नागिरीवरून पनवेलकडे येते, तरी तिचा नंबर १२६१७.

गावाकडे 'गुरुजी अप-डाऊन करतात' म्हणतात, त्यात दिशा कसलीच नाही. गुरुजी तालुक्याला राहतात आणि शाळेपुरते गावात येतात, ही तक्रार आहे ती.

तुझी खरी गाठ पडणार आहे रविवारच्या मेगाब्लॉकशी. शनिवारीच सूचना वाचायची, आणि तीन गोष्टी एकत्र वाचायच्या: अप की डाऊन, धीमा की जलद, कुठून कुठपर्यंत. 'माटुंगा-मुलुंड' आणि 'अप धीमा' दिसलं की तुझी सकाळ गेली म्हणून समज. धीम्या गाड्या जलद मार्गावरून काढतात आणि त्या मार्गाला नाहूर, कांजूरमार्ग, विद्याविहारला फलाटच नाहीत. घाटकोपर सुटलं की थेट कुर्ला. तिथे उतरून डाऊन धीमी धरायची आणि एक स्टेशन मागे यायचं. डाऊन धीम्यावरही ब्लॉक असेल, तर घाटकोपरलाच उतर आणि रिक्षा कर. 'डाऊन जलद' लिहिलं असेल तर सकाळी निर्धास्त जा, संध्याकाळी घरी यायला उशीर होईल एवढंच.

संध्याकाळी विद्याविहारला लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नसते. बायका मग उलट्या अपने कुर्ल्याला जातात आणि तिथून सुटणारी लोकल धरून बसून येतात. खुशाल जा, पण विद्याविहारच्या पासवर नको, टीसी पकडला की दंड भरावा लागतो. म्हणून सांगते, पास काढशील तो डोंबिवली-कुर्ला असाच काढ.