कीवर्डवर किती पैसे घालावेत?

कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकायला काढली की ‘कीवर्ड लावून देतो’ असं सांगणारे फोन सुरू होतात. यातलं बहुतेक काम फुकटात होतं आणि ते तुम्हालाच जास्त चांगलं जमेल. गिऱ्हाईक काय म्हणून वस्तू मागतं, हे गल्ल्यावर बसणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर लॉगिन न करता शोधपट्टीत ‘कोल्हापुरी चप्पल’ रोमन लिपीत लिहा आणि खाली उघडणारे पर्याय वहीत उतरवा. ते लोकांच्या शोधांवरूनच येतात. गूगलचं कीवर्ड प्लॅनरही फुकट आहे. फक्त जाहिरात-खातं लागतं, आणि जाहिरातीवर खर्च होत नसेल तर महिन्याचे शोध ‘१ हजार ते १० हजार’ असे ढोबळच दिसतात. आपल्याला तेवढे पुरतात.

यादीतला सगळ्यात मोठा शब्द बहुधा निरुपयोगी असतो. नुसतं ‘चप्पल’ लिहिणाऱ्याला बाथरूममधली रबरी स्लीपरही हवी असू शकते. ‘पुरुषांसाठी चामड्याची कोल्हापुरी, ९ नंबर’ शोधणारे थोडे, पण ते घ्यायलाच आलेले असतात.

ॲमेझॉनवर ग्राहकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या रकान्याची मर्यादा बाइटमध्ये मोजतात. ‘कोल्हापुरी’ देवनागरीत लिहिलं तर ३० बाइट जातात, रोमनमध्ये ९. म्हणून तिथे रोमनच वापरा. शीर्षकात आलेला शब्द पुन्हा लिहू नका, ‘बेस्ट’, ‘स्वस्त’ असली विशेषणं तर नकोच. परदेशी गिऱ्हाइकासाठी एट्सीवर माल लावलात तर प्रत्येक वस्तूला १३ टॅग मिळतात, एका टॅगला २० अक्षरं. वस्तू यादीत लावण्याचे २० सेंट पडतात, ते चार महिन्यांपुरते. विक्री झाली की ६.५ टक्के व्यवहार-शुल्क वेगळं. टॅग लिहायला आणि हवे तेव्हा बदलायला मात्र काही पडत नाही, म्हणून तेराही भरा.

खरा खर्च जाहिरातीत आहे. समजा, एका क्लिकला ८ रुपये पडले आणि ४० क्लिकमागे एक जोड खपला. म्हणजे जोडामागे ३२० रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून ३७७ रुपये ६० पैसे. तुमचा नफा ३०० असेल तर तुम्ही पदरमोड करून चप्पल विकताय. तरीही दोन आठवडे रोजची छोटी रक्कम ठरवून ॲमेझॉनची आपोआप चालणारी जाहिरात लावून बघावी, असं माझं मत आहे. तिच्या अहवालात लोकांनी नेमकं काय लिहून तुमच्या वस्तूवर क्लिक केलं ते कळतं. ‘रबर’, ‘स्पोर्ट्स’ असे भलते शब्द दिसले की ते नकारात्मक यादीत टाका, पुढचे पैसे वाचतात. चालणारे शब्द शीर्षकात घ्या.

दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव कीवर्ड म्हणून घुसवू नका. लिस्टिंग उडतं, ट्रेडमार्कचा वाद मागे लागतो तो निराळाच. ‘कोल्हापुरी’ या नावालाही २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. बाहेर बनलेल्या रेक्झिनच्या सँडलला ते नाव लावणं अंगाशी येऊ शकतं.

कुणाला काम द्यायचंच असेल तर आधी विचारा: शब्द कुठून काढले ते दाखवणार का? ‘पहिल्या पानावर आणण्याची हमी’ देणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. स्वतःची वेबसाइट असेल तर ‘मेटा कीवर्ड’ भरून देण्याचे वेगळे पैसे मागणाऱ्यालाही. क्रमवारी लावताना आपण तो रकाना बघत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

शब्द शोधून देणाऱ्या सशुल्क साधनांची वर्गणी दहा-वीस वस्तूंच्या दुकानाला परवडत नाही. मोह आवरत नसेल तर एकाच महिन्याची घ्या, यादी उतरवून ठेवा आणि पैसे भरल्याच्या दिवशीच ऑटो-रिन्यूअल बंद करा.