उकिरड्यांतील प्रथिन : काळ्या सैनिक माशीची जोपासना

कोंबडी उकिरडा उकरते, हें दृश्य कोणत्याही शेतकऱ्यास नवें नाहीं. दाणे पुढें टाकले असतांही ती शेणाच्या ढिगाकडे धांवते, तें उगीच नव्हे. ढिगांतील किड्यांत व अळ्यांत तिला दाण्याहून निराळा असा मोलाचा अंश मिळतो. त्यास प्रथिन म्हणतात. पिल्लाची वाढ, कोंबडीचें अंडें व तळ्यांतील मासळीचें वजन हीं सर्व त्यावर अवलंबून असतात. कोंबडी जें उपजत बुद्धीनें करते, तें आपणांस नेमानें व स्वच्छतेनें कसें करतां येईल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं.

किडे पाळण्याची गोष्ट ऐकून कित्येक वाचक नाक मुरडतील. परंतु मध, रेशीम व लाख हीं तिन्ही किड्यांचीच देणगी होय. मराठवाड्यांत तुतीवर रेशमाचे किडे वाढविणारे शेतकरी आज पुष्कळ आहेत; कोषांतून रेशीम काढल्यावर आंत जो किडा उरतो, त्याच्या कोरड्या वजनांत निम्मा किंवा अधिक भाग प्रथिनाचा असतो. ओरिसांतील मयूरभंज जिल्ह्याच्या तांबड्या मुंग्यांच्या चटणीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. तथापि माणसाच्या ताटाचा प्रश्न आपण तूर्त बाजूस ठेवूं. आपला प्रश्न कोंबडीच्या खाद्याचा आहे.

निकड कां

कोंबड्या पाळणाऱ्याचा निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो, आणि खाद्यांत सर्वांत महाग भाग प्रथिनाचा. तो आज सोयाबीनच्या पेंडींतून किंवा मासळीच्या भुकटींतून येतो. पेंडीचा भाव आपल्या हातीं नाहीं. भुकटीसाठीं बारीक मासळी मोठ्या प्रमाणांत धरली जाते, त्यामुळें समुद्राचें बीजच कमी होतें.

दुसऱ्या बाजूनें बाळकुमाकडे पाहावें. ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचें, खाडीकांठचें हें गांव. जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आज उंच इमारती आहेत. त्या इमारतींतून भाजीचे देंठ, फळांच्या साली व उरलेलें अन्न रोज बाहेर पडतें. भिवंडी, कल्याण, मुरबाड व शहापूर या तालुक्यांतील जमीनदारांस हा माल दूर नाहीं. शहरास जो कचरा आहे, तो योग्य रीतीनें घेतल्यास शेतकऱ्यास कच्चा माल होय.

माशीची ओळख

या कामीं उपयोगी पडणाऱ्या माशीस काळी सैनिक माशी, इंग्रजींत ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणतात. ती मूळची अमेरिका खंडांतील. आतां सर्व उष्ण देशांत पसरली आहे. खताच्या खड्ड्यांत चपट्या, जाड कातडीच्या, करड्या अळ्या दिसतात, त्यांपैकीं पुष्कळ हिच्याच असतात. ही घरमाशी नव्हे. पूर्ण वाढलेली माशी जवळजवळ कांहींच खात नाहीं, म्हणून ती अन्नावर बसत नाहीं व रोगही पसरवीत नाहीं. तिचें आयुष्य आठवड्याभराचें. मादी कुजक्या पदार्थाजवळच्या कोरड्या फटींत कांहींशें अंडीं घालते. तीं तीन-चार दिवसांत फुटतात, आणि अळी सुमारें दोन ते तीन आठवडे सतत खात राहते. पुढें ती काळसर होऊन ओल सोडून कोरड्या जागीं जाते व कोष धरते. सुकविलेल्या अळींत सुमारें ४० टक्के प्रथिन, सुमारें ३० टक्के चरबी व पुष्कळ चुना असतो.

रीत

प्रथम जाळीचा पिंजरा करावा. आंत अंधाऱ्या खोक्यांत कोष ठेवावे. बाहेर आलेल्या माश्यांस सूर्यप्रकाश मिळावा, कारण उजेडावांचून त्यांचा संयोग नीट होत नाहीं. आपल्याकडे आषाढ-श्रावणांत अंडीं कमी मिळतात, तें याच कारणानें. पातळ लांकडी पट्ट्या मध्यें थोडी फट ठेवून बांधाव्या व खालीं आंबट वासाचें खाद्य ठेवावें; माद्या त्या फटींत अंडीं घालतात.

अंड्यांतून निघालेल्या अळ्यांस पहिले पांच दिवस भिजविलेला पिल्लांचा भरडा द्यावा. नंतर सुमारें १०,००० अळ्या एका पसरट टोपांत घालून १२ दिवसांत तीन हप्त्यांनीं एकंदर १५ किलो बारीक केलेला ओला कचरा द्यावा. कचरा पिळला असतां थेंब पडावे, धार पडूं नये. टोप सावलींत ठेवावे व मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे, म्हणजे मुंग्या चढणार नाहींत. बाराव्या दिवशीं चाळणीनें अळ्या वेगळ्या कराव्या. त्या उकळत्या पाण्यांत बुडवून मग उन्हांत सुकवाव्या. जो चोथा उरतो तो आणखी कुजवून खत म्हणून घालावा.

हिशेब

शंभर अंड्यांवरील कोंबड्यांस रोज सुमारें ११ किलो खाद्य लागतें. त्यांत प्रथिन १.८ किलोच्या आसपास. खाद्याचा दहावा भाग, म्हणजे १.१ किलो, सुकी अळी घातल्यास सुमारें ४४० ग्रॅम प्रथिन मिळेल. म्हणजे गरजेचा चवथा हिस्सा. इतकी सुकी अळी होण्यास साडेतीन किलो ओली अळी लागते. एका टोपांतून दोन किलोंच्या आसपास निघते. म्हणून रोज दोन टोप नवे भरावे लागतील व एका वेळीं २४ टोप चालू राहतील. कचरा रोज ३० किलो. हें काम एका घरास झेपण्याजोगें आहे. परंतु रोजचें आहे, सणासुदीसही चुकवितां येत नाहीं.

सावधगिरी

अळी जें खाते त्याचा कांहीं अंश तिच्या अंगीं उतरतो. कॅडमियमसारखी विषारी धातु तींत सांचते. म्हणून सांडपाण्याचा गाळ, कारखान्याचा कचरा, रंग, औषधें व बॅटऱ्या मिसळलेला माल कधींही घेऊं नये. केवळ वेगळा ठेविलेला ओला कचराच घ्यावा. युरोपांत २०१७ सालीं मत्स्यखाद्यांत व २०२१ सालीं कोंबड्या-डुकरांच्या खाद्यांत किड्यांचें प्रथिन वापरण्यास परवानगी मिळाली. तेथेंही किड्यांस काय चारावें याचे निर्बंध आहेत. गाईम्हशींस हें खाद्य देऊं नये.

दुसरें, अळींत मेथिओनिन हा आवश्यक अंश मासळीपेक्षां कमी असतो. यास्तव भुकटी एकदम बंद न करितां थोडी थोडी कमी करावी आणि अंड्यांची संख्या वहींत टिपावी. तिसरें, दुर्गंधी सुटली कीं समजावें, कचरा फार ओला किंवा अळ्यांच्या मानानें जास्त झाला. शेजाऱ्यांचें मन दुखवून धंदा टिकत नाहीं. चौथें, अंडीं विकून तयार माल परत घेण्याची मोठी आश्वासनें देणाऱ्यांपुढें भांडवल टाकूं नये. आधीं चार टोप करावे, एक पावसाळा पाहावा, मग वाढवावें.

तात्पर्य, ज्या उकिरड्यास आपण नाक दाबून ओलांडतों, त्यांतच पेंडीच्या पोत्याचा एक भाग पडलेला आहे. तो उचलावयाचा किंवा नाहीं, हें प्रत्येकानें आपला हिशेब मांडून ठरवावें.