आधी विमान विचारा

मुंबईहून अमेरिकेला बिझनेस क्लासनं जाऊन यायचं म्हटलं की एका माणसामागे काही लाख रुपये मोडतात. सप्टेंबर २०२५ पासून या तिकिटांवरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. हौसेखातर एवढा खर्च करणारेही असतील. पण माझ्या नात्यागोत्यात ज्यांनी तो केला, त्यांना प्रत्येकाला काहीतरी अडचण होती. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाची आई ऐंशीच्या पुढची, कुणाला रात्रभर बसलं की पायांवर सूज येणारी. मुलं तिकडून तिकीट पाठवतात, आणि म्हातारी माणसं निर्धास्त होतात की आता रात्रभर पाठ टेकता येईल. ती टेकता येईल की नाही, हे मात्र तिकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं. तिकिटावर क्लास असतो. आडवं होता येणार का, पाय लांब करता येणार का, कुशीवर वळता येणार का, हे सगळं त्या दिवशी कुठलं विमान येतं त्यावर ठरतं.

आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण शिकागोला होतं. त्याआधी काही महिने यजमानांच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली होती. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकून नस दबली होती, त्यामुळे डावं पाऊल नीट उचललं जात नसे, आणि घोट्याला प्लास्टिकचा आधार बांधलेला असे. सर्जननी प्रवासाला परवानगी दिली ती एका अटीवर: सलग फार वेळ बसायचं नाही आणि झोपताना कुशीवर, गुडघे दुमडून झोपायचं. जावईबापूंनी दोघांची बिझनेस क्लासची तिकिटं काढली. कंपनीच्या जाहिरातीत पूर्ण सपाट बिछान्याचं चित्र होतं, आणि त्याच चित्रावर आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला.

जाताना बिछाना खरोखर सपाट होता. अडचण निघाली ती पायांच्या टोकाला. आजकाल बहुतेक बिझनेस क्लासमध्ये आपले पाय पुढच्या प्रवाशाच्या टेबलाखाली असलेल्या एका खोक्यात जातात. खांद्यापाशी सीट रुंद असते, पण पायांकडे निमुळती होत जाते. सरळ उताणं झोपणाऱ्या सडपातळ माणसाला ते जाणवतही नाही. यजमानांचा आधार बांधलेला पाय त्या खोक्यात आडवा होईना, आणि पाय वळला नाही की माणसाला कूस बदलता येत नाही. गुडघे दुमडले तर ते वरच्या टेबलाला अडत. केबिनमधल्या मुख्य पर्सरबाईंच्या हे लक्षात आलं. पहिल्या ओळीत बसलेल्या एका तरुण प्रवाशाला त्यांनी विनंती केली, आणि तो बिचारा चटकन उठून यजमानांच्या जागी येऊन बसला. पहिल्या ओळीच्या पुढे दुसरी सीट नसते, नुसती भिंत असते. त्यामुळे बऱ्याच विमानांत तिथलं खोकं चांगलं ऐसपैस असतं. उरलेली रात्र यजमान शांत झोपले.

येताना मात्र असं कुणी देण्याजोगी जागाच विमानात नव्हती. निघायच्या जरा आधी कंपनीनं विमान बदललं. उड्डाणाचा नंबर तोच, वेळ तीच, क्लास तोच. आत शिरल्यावर समोर दिसल्या त्या जुन्या पद्धतीच्या २-३-२ अशा रांगा, आणि आम्हाला मिळालेल्या दोन जागांतली एक मधल्या तिघांच्या मधोमध. बटण दाबलं की पाठ आणि पाय एका रेषेत येत, पण ती रेष उतरती होती: डोकं वर, पाय खाली. अशा सीटवर झोप लागली की शरीर हळूहळू खाली घसरतं, टाचा टेकतात, कमरेवर ताण येतो आणि जाग येते. पुन्हा वर सरकायचं, पुन्हा घसरायचं. नुकता शिवलेला कणा घेऊन यजमानांनी रात्रीचा बराचसा वेळ पॅन्ट्रीजवळ उभं राहून काढला. मुंबईत उतरल्यावर थांबलेली फिजिओथेरपी पुन्हा सुरू करावी लागली. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की आपण बिझनेस क्लासचं तिकीट घेतलंत आणि बिझनेस क्लासनंच प्रवास केलात. सीटच्या प्रकाराची हमी नियमांत दिलेली नाही. नियम वाचले. ते खरंच तसं म्हणतात, आणि जवळजवळ सगळ्याच कंपन्यांचे नियम तसंच म्हणतात.

तेव्हापासून ओळखीपाळखीत कुणी तिकीट काढायला बसलं की मी पहिला प्रश्न विचारते: विमान कुठलं?

पूर्ण सपाट होणारा बिछाना बिझनेस क्लासमध्ये पहिल्यांदा आणला ब्रिटिश एअरवेजनं, २००० साली. त्यानंतरही कित्येक वर्षं बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनी तिरक्या उताराच्या सीटवर काम भागवलं. विमान पंचवीस-तीस वर्षं उडतं, आतल्या सीट मात्र मध्येच कधीतरी बदलल्या जातात, त्याही सगळ्या विमानांच्या एकदम नाहीत. म्हणून एकाच कंपनीत, एकाच भाड्यात, जमीन-अस्मानाचा फरक मिळतो. एअर इंडियाच्या जुन्या मांडणीच्या ७८७-८ विमानांत बिझनेस क्लास २-२-२ असा आहे, जुन्या ७७७-३००ईआरमध्ये २-३-२, तर जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए३५०-९०० मध्ये १-२-१, आणि प्रत्येक सीटला सरकतं दार. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये वरच्या मजल्यावर १-२-१ मांडणी आहे. त्याच कंपनीच्या ७७७ मध्ये वर्षानुवर्षं २-३-२ होती, आणि २०२४ पासून त्यातली काही विमानं १-२-१ करायला घेतली. कतार एअरवेजनं २०१७ मध्ये दारं असलेला क्यूस्वीट आणला, त्याचं नाव सगळीकडे झालं, पण त्यांच्या ७८७-८ मध्ये तो नाही. लुफ्तान्साच्या ७४७-८ मध्ये शेजारच्या दोन सीट एकमेकींकडे तिरप्या वळलेल्या असल्यानं दोन प्रवाशांचे पाय जवळजवळ येतात. नवरा-बायकोला याचं काहीच वाटणार नाही, एकट्या बाईला अनोळखी माणसाशेजारी वाटू शकतं.

विमानाचा प्रकार शोधणं अवघड नाही. तिकीट काढताना उड्डाणाच्या तपशिलात तो लिहिलेला असतो, कधी नावानं तर कधी तीन अक्षरी खुणेनं: ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७८८ आणि ७८९ म्हणजे ७८७ चे दोन प्रकार, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ३८८ म्हणजे ए३८०. मग त्या विमानाचा सीट मॅप उघडायचा. एका ओळीत चार जागा, म्हणजे १-२-१, दिसल्या तर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं आणि बिछाना बहुधा पूर्ण सपाट असतो. सहा किंवा सात जागा दिसल्या तर तिथेच थांबून कंपनीला किंवा एजंटला स्पष्ट विचारावं: बिछाना जमिनीला समांतर होतो का? लांबी किती? ‘लाय-फ्लॅट’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, कारण उतरत्या सीटलाही बरेच जण तेच म्हणतात. आणि ‘सीट पिच साठ इंच’ म्हणजे बिछान्याची लांबी नव्हे. ते एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर. सपाट बिछाना साधारण ७६ ते ७८ इंचांचा असतो. प्रीमियम इकॉनॉमीचा पिच ३८ इंचांच्या आसपास असतो. तिथे पाय पसरायला थोडी जास्त जागा मिळते, पण आडवं होता येत नाही. हे सांगते, कारण ‘प्रीमियम’ या शब्दावर भुलून आमच्या एका शेजाऱ्यांनी आईसाठी ते तिकीट काढलं होतं.

दोन टप्प्यांचा प्रवास असेल तर दोन्ही विमानं पाहावीत. मुंबईहून आखाताकडे जाणारा तीन तासांचा टप्पा साध्या मागे झुकणाऱ्या सीटचा असला तरी चालतो, पुढचा चौदा-पंधरा तासांचा नाही चालत. काही वेळा तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असतं. तिकिटावर बारीक अक्षरात ‘ऑपरेटेड बाय’ म्हणून जे नाव असतं, सीट त्या कंपनीची मिळणार.

वेळेचाही विचार करावा. पैसे कमी असतील आणि एकाच बाजूचा बिझनेस क्लास परवडणार असेल, तर तो रात्रीच्या प्रवासासाठी घ्यावा. मुंबईहून लंडनला दिवसा जाणारी थेट उड्डाणं आहेत, परतीची बरीचशी रात्रीची असतात. दिवसा खिडकीबाहेर ऊन असताना सपाट बिछान्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

आता नेमकी जागा. ज्यांचे गुडघे, घोटे, खुब्याचा सांधा दुखतो, ज्यांना कुशीवर झोपायचं असतं, किंवा ज्यांचं शरीर स्थूल आहे, त्यांनी पहिली ओळ मागावी. तिथे तान्ह्या बाळांचे पाळणे लावतात, त्यामुळे रडण्याचा आवाज होऊ शकतो. दोन्हीतलं एक निवडायचं झालं तर मी डोळे मिटून पहिली ओळ घेईन. कानात बोळे घालता येतात, अरुंद खोक्यात पाय वळवता येत नाही. फक्त पहिल्या ओळीपुढे पॅन्ट्री किंवा स्वच्छतागृह आहे का, हे मॅपवर बघून घ्यावं, कारण रात्रभर पडदा सरकतो आणि उजेड तोंडावर येतो.

एकाआड एक सरकवलेल्या मांडणीत एका ओळीतली सीट खिडकीला चिकटून असते आणि तिचं टेबल वाटेकडे, पुढच्या ओळीत नेमकं उलट. खिडकीलगतची जागा निवांत, पण टेबलाला वळसा घालून बाहेर पडावं लागतं. ज्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं त्यांनी वाटेकडची घ्यावी. औषध द्यायला, उठवून बसवायला सोबतचं माणूस शेजारी हवं असेल तर मधली जोडी बरी. माशाच्या काट्यासारख्या तिरप्या मांडलेल्या सीटचा पट्टा काही विमानांत जाडजूड असतो, कारण त्यात हवेची पिशवी बसवलेली असते. मांडीवर तान्हं मूल घेऊन किंवा पट्ट्याला जोड लावून बसायचं असेल तर तशी सीट चालेल का, हे आधी विचारून घ्यावं. सिंगापूर एअरलाइन्सच्या काही विमानांत बटणानं बिछाना होत नाही, उठून उभं राहायचं आणि कर्मचारी सीटची पाठ पुढे उलटवून अंथरूण घालून देतात. त्यावर थोडं तिरकं झोपावं लागतं. तरुणाला यात काही नाही, कंबरपट्टा बांधलेल्या माणसाला प्रत्येक वेळी उठणं कष्टाचं होतं.

ताजी शस्त्रक्रिया असेल तर विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म, ज्याला मेडिफ म्हणतात, तो डॉक्टरांकडून भरून आधीच द्यावा. त्यात झोपण्याची गरज स्पष्ट लिहून घ्यावी. आमच्या फॉर्ममध्ये तेवढी एक ओळ असती तर विमान बदलताना कुणीतरी फोन तरी केला असता, असं मला वाटतं. आणि सपाट बिछाना मिळाला म्हणून रात्रभर निपचित पडून राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त वेळ हालचाल न करता प्रवास केला तर शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसासाठी तो एकूण कमीच आहे, पण तो बिझनेस क्लासमध्येही असतो. जाग आली की घोटे फिरवावेत, एक फेरी मारावी, पाणी प्यावं.

तिकीट काढून झाल्यावर काम संपत नाही. दर आठवड्याला एकदा, आणि शेवटच्या तीन दिवसांत रोज, कंपनीच्या ॲपवर आपली नोंद उघडून सीट मॅप पाहावा. ओळींची मांडणी बदललेली दिसली किंवा आपला सीट नंबर आपोआप बदलला, तर विमान बदललं असं समजावं आणि त्याच दिवशी फोन करावा. तेव्हा दुसऱ्या दिवशीचं उड्डाण मागता येतं, पहिल्या ओळीची जागा अडवता येते. विमानतळावर पोचल्यावर हे करायला फारसा वाव उरत नाही. पाहण्याचं काम पोरांवर सोडलं तरी चालेल, पण एकावर नेमून द्यावं.

हक्कांचंही थोडं माहीत असू द्यावं. बिझनेसचं तिकीट असताना कंपनीनं खालच्या वर्गात बसवलं, तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमानुसार साडेतीन हजार किलोमीटरहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. युरोपीय संघातही लांबच्या प्रवासासाठी ७५ टक्क्यांचाच नियम आहे. त्याच क्लासमध्ये वाईट सीट मिळाली तर हे नियम लागू होत नाहीत. पण सीटचा बिघाड ही वेगळी गोष्ट. हैदराबादच्या ग्राहक आयोगानं २०२४ मध्ये एका दांपत्याच्या बिझनेस क्लासच्या सीट आपोआप मागे होत नव्हत्या म्हणून विमान कंपनीला भरपाई द्यायला लावली होती.

त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो विमानात असतानाच गोळा करावा लागतो. बसल्या बसल्या, विमान जमिनीवर असतानाच पाठ, पाय आणि दिवा एकदा चालवून बघावा. उड्डाणाआधी रिकामी सीट असेल तर बदलून मिळते. बिघाड वरती लक्षात आला तर पर्सरना तो केबिनच्या नोंदीत लिहायला सांगावा, त्यांचं नाव आणि वेळ टिपून ठेवावी, सीटचा फोटो आणि अडकलेल्या बटणाचा छोटा व्हिडिओ घ्यावा. बोर्डिंग पास फेकू नये. उतरल्यावर आठवड्याच्या आत ईमेलनं तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा.