तारेचा इशारा आणि त्याची चढण

भुसावळहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपलें बोदवड स्टेशन आहे. एके काळीं लोहमार्गावरील स्टेशनांत तारायंत्राची कडकट्ट ऐकूं येत असे. हिंदुस्थानांतील सार्वजनिक तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. परंतु तारेनें शिकविलेला एक धडा आज संगणकाच्या प्रत्येक तारेंत उपयोगी पडतो. तो असा कीं, पाठविलेला इशारा पलीकडे एकदम पूर्ण उभा राहत नाहीं. तो हळूहळू चढतो.

विद्यार्थिमित्रांनो, दोन हौदांची कल्पना करा. एक मोठा व भरलेला, दुसरा लहान व रिकामा, आणि मध्यें अरुंद नळ. नळ उघडतांच पाणी जोरानें येतें. परंतु दोन्ही पातळ्या जवळ येतात तसतसा जोर मंदावतो. नळाची अरुंदता म्हणजे विजेच्या वाटेंतील रोध, आणि लहान हौदाची समाई म्हणजे तारेची धारकता. या दोहोंचा गुणाकार जितका मोठा, तितका चढण्यास वेळ अधिक.

१८५८ सालीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं तार पडली. त्या वर्षीं ऑगस्टांत व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जाण्यास सुमारें १६ तास लागले! विल्यम थॉमसन यांनीं आधींच गणितानें दाखविलें होतें कीं, लांबी दुप्पट झाली म्हणजे रोध दुप्पट व धारकताही दुप्पट होते. म्हणून विलंब चौपट होतो. तारेचे विद्युत्-अधिकारी व्हाइटहाउस यांस हें पटलें नाहीं. त्यांनीं सुमारें २००० व्होल्टांचा दाब लाविला, आणि आधींच सदोष असलेली तार कांहीं आठवड्यांतच मुकी झाली. पुढें जाड तांबें, जाड आवरण व सूक्ष्म प्रवाह ओळखणारें नाजूक यंत्र यांच्या साह्यानें काम साधलें. १८७० सालीं 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानें मुंबई व एडन यांमधील तार टाकली, आणि आपली मुंबई समुद्रमार्गें विलायतेशीं जोडली गेली.

आतां हेंच गणित आजच्या चिपेस लावूं. चिपेचा निर्गम मोकळा असतां ५ व्होल्ट दिसतात. निर्गम व भूमि यांमध्यें ४७० ओहमांचा रोधक जोडतांच ४.७ व्होल्ट उरले, असें समजा. प्रवाह ४.७ ÷ ४७० = ०.०१ अँपिअर. कमी झालेले ०.३ व्होल्ट चिपेच्या आंतील रोधांत खर्चले. म्हणून तो रोध ०.३ ÷ ०.०१ = ३० ओहम. हा जितका लहान, तितका निर्गम बलवान. तारेची धारकता १०० पिकोफॅरड असल्यास गुणाकार ३ नॅनोसेकंद येतो. दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत चढण्यास याच्या २.२ पट, म्हणजे सुमारें ६.६ नॅनोसेकंद लागतील. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांश. चिपेचा रोध प्रवाहाप्रमाणें थोडा बदलतो, म्हणून हा अदमास समजावा.

मग निर्गम शक्य तितका बलवान करावा काय? तसेंही नाहीं. फार तीव्र चढण लांब तारेच्या टोकावरून प्रतिध्वनीप्रमाणें परतते व इशारा बिघडविते. म्हणून कित्येकदां मुद्दाम लहानसा रोधक वाटेंत घालतात.

जोर अपुरा पडला तर इशारा उशिरां पोंचतो. अति झाला तर बिघडतो. किती हवा, हें हट्टानें नव्हे, मोजून ठरवावें. समुद्राच्या तळाशीं निकामी झालेली ती तार आपणांस हेंच सांगते.